बोलेरोच्या टपावर स्वतःचं कॅरियर: मोजमापापासून पहिल्या मुक्कामापर्यंत

माझं पहिलं कॅरियर भंगारवाल्याच्या काट्यावर ६१ किलो भरलं. विकायला नेलं तेव्हाच ते पहिल्यांदा तोललं, ही माझी अक्कल. त्याआधी दोन वर्षं ते टपावर मिरवलं. दीड इंची चौकोनी पाइप, १४ गेज (गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड), वर जाड जाळी. बनवताना मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, एकदम मजबूत करून देतो, हत्ती बसला तरी वाकत नाई." हत्ती कधी बसला नाही. पण वळणावर गाडी लोळायची, डिझेल जास्त जायचं आणि ८० च्या पुढे गेलं की टपावर कोणीतरी शिट्टी वाजवतंय असं वाटायचं.

दुसरं कॅरियर मी आधी कागदावर वजन करून मग बनवलं. ते २४ किलोचं आहे आणि कामात पहिल्याच्या तसूभरही मागे नाही. ते कसं केलं, तेच इथे सविस्तर लिहितो. माझी गाडी बोलेरो आहे, त्यामुळे मापं तिच्या हिशेबानं येतील. पद्धत इतर गाड्यांनाही चालेल, फक्त कॅरियर टपाला धरून ठेवणारे पाय बदलतील.

आधी वजनाचा हिशेब

टपावर किती वजन चालतं हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत बघा. तो आकडा धावत्या गाडीचा असतो आणि त्यात कॅरियरचंही वजन धरलेलं असतं. हे दुसरं वाक्य लोक विसरतात, मीही विसरलो होतो. पुस्तिकेत आकडा नसेल तर सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथेही हात वर केले तर लहान गाडीला ५० किलो आणि मोठ्या, उंच गाडीला ७५ किलो ही वरची रेघ समजा.

७५ धरले आणि कॅरियर ६१ चं असलं तर सामानाला उरतात १४ किलो. एक तंबू आणि दोन चटया ठेवल्या की संपलं. कॅरियर २४ चं असेल तर ५१ किलो उरतात, म्हणजे चौघांचा तंबू, झोपायच्या पिशव्या, गाद्या, घडीच्या खुर्च्या, टेबल सगळं मावतं.

लोखंडाचं वजन काढणं सोपं आहे. १ इंची, म्हणजे २५ मिमी चौकोनी पाइप १६ गेजमध्ये, म्हणजे साधारण १.६ मिमी जाडीचा, मीटरला १.१८ किलो भरतो. पाऊण इंची, म्हणजे २० मिमी, १८ गेजचा पाइप मीटरला ०.७ किलो. दीड इंची १४ गेजचा मात्र सव्वादोन किलोच्या वर जातो. अशा कॅरियरला एकूण २३ मीटरच्या आसपास पाइप लागतो. गुणाकार करा, मिस्त्रीच्या हत्तीचं वजन तुमच्या गाडीवर कसं येतं ते दिसेल.

अॅल्युमिनियम आणखी हलकं होईल, पण ते वेल्ड करणारा चांगला हात मिळायला हवा, आणि वेल्डच्या बाजूची जागा मऊ पडते. नट-बोल्टचं अॅल्युमिनियम कॅरियर हा वेगळा विषय. पहिल्या प्रयत्नाला लोखंडच घ्या. चुकलं तर कापून पुन्हा जोडता येतं.

गाडीचा टप नीट बघा

बोलेरो, जुनी सुमो, ओम्नी, जिप्सी या गाड्यांना टपाच्या दोन्ही कडांना पावसाच्या पाण्याची पन्हळ असते. टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकत्र येतात तीच ही कड. कॅरियरला पकडायला याहून चांगली जागा नाही. पन्हळीत बोट फिरवून बघा. सीलंटला चिरा गेल्या असतील, बोटाला गंजाची भुकटी लागत असेल तर आधी डेंटिंगवाल्याकडून ते काम करून घ्या. गंजलेल्या पन्हळीवर कॅरियर बसवायचं नाही.

तुमच्या गाडीला पन्हळ नसेल आणि वर गाडीच्या लांबीच्या दिशेनं दोन दांडे असतील, तर ते हातानं हलवून बघा. पुष्कळ गाड्यांचे दांडे केवळ शोभेचे असतात, प्लॅस्टिकचे किंवा चिकटपट्टीवर बसवलेले. वजन घेणारे असतील तर पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. शोभेच्या दांड्यांवर या लेखातलं काहीही बसवू नका, त्या मॉडेलसाठी बनलेले तयार आडवे बार घ्या.

टपाला भोक पाडून बोल्ट मारून देतो असं सांगणारेही भेटतील. त्यांना नमस्कार करून निघायचं. पाणी आत उतरतं, आतून छताचं कापड कुजतं, आणि ज्या गाड्यांना बाजूच्या पडद्याच्या एअरबॅग आहेत त्यांच्या त्या नेमक्या छताच्या कडेला गुंडाळलेल्या असतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. पुढच्या बंपरवर लावायचे लोखंडी गार्ड याच कलमाखाली डिसेंबर २०१७ मध्ये अवैध ठरवले गेले. म्हणून कॅरियर कायम जोडलेलं ठेवायचं नाही, पान्यानं सुटणारं बनवायचं, प्रवासापुरतं लावायचं. गाडीच्या रुंदीबाहेर त्याचं टोक जाऊ द्यायचं नाही, आणि बांधलेल्या सामानाचा पट्टा किंवा ताडपत्री दिव्यांवर आणि नंबरप्लेटवर लोंबायला नको. वर दिव्यांची रांग लावायचा मोह टाळा, चलान त्यासाठीच फाटतं. विमा कंपनीला एक ईमेल टाकून ठेवा. उद्या दाव्याच्या वेळी उपयोगी पडतो.

काम कधी काढायचं

मार्च-एप्रिलमध्ये नाही. होळी झाली की नागपुरातला प्रत्येक वेल्डर कूलरच्या मागे असतो. स्टँड, बॉडी, गंजलेल्या टाकीला ठिगळ. तुमचं कॅरियर महिनाभर कोपऱ्यात पडून राहील आणि शेवटी कोणीतरी घाईत वेल्ड ओढून देईल. दिवाळीनंतरचा काळ उत्तम. मिस्त्रीला वेळ असतो, रंग चांगला वाळतो आणि कॅम्पिंगचे दिवसही पुढेच असतात.

लोखंड घ्यायला मी इतवारीतल्या लोहाओळीत जातो. पाइप तिथे किलोवर मिळतो, दर रोज बदलतो, म्हणून आकडा लिहीत नाही. सकाळी गेलात तर निवडून घेता येतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नका, मारबतीच्या मिरवणुकीत पाइप घेऊन निघालात तर गाडी संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही.

घ्यायचं सामान असं: २५ मिमी १६ गेजचे दोन पाइप, २० मिमी १८ गेजचे तीन. पाइप ६ मीटरचा येतो. पाचही मिळून २७ किलो भरायला हवेत. काट्यावर ३२-३३ दिसले तर दुकानदारानं जाड गेज दिलाय, परत करा. कापलेल्या तोंडावर व्हर्नियर लावून बघितला तर उत्तमच. शिवाय ४० × ५ मिमीची पट्टी साधारण २ मीटर, ८ मिमीचे बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, धक्क्यानं न सुटणारे), मोठे वायसर, ३ मिमी जाडीचं रबर शीट, पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या टोप्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते बघून घ्या. कोरलेलं नसेल तर तो दरवाजाच्या कडीचा बोल्ट समजायचा.

मोजमाप

टप सपाट नसतो, मध्ये फुगलेला असतो. हा फुगवटा मोजला नाही तर कॅरियर मधोमध टपाला टेकतं आणि खड्ड्यात पत्र्यावर आदळतं.

दोन सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे दोन्ही पन्हळींवर ठेवा, त्यांच्यावर एक सरळ पाइप आडवा टाका. पाइपाच्या खालच्या बाजूपासून टपापर्यंत मधोमध किती अंतर आहे ते मोजा. तिथे ५ सेमी मोकळी जागा राहील अशी पायांची उंची धरा. हेच माप पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन जागी घ्या. तिन्ही वेगळी येतील. आपले पायही मग तीन उंचींचे होणार. सगळे सारखे कापले तर कॅरियर पुढून वर तोंड करून बसतं आणि त्यात वारा भरतो.

पायांच्या जागा दरवाजाच्या रुंदीच्या मधोमध घेऊ नका, जिथे खांब आहेत त्यांच्या जितक्या जवळ जमेल तितक्या घ्या. जागा ठरली की चारही दरवाजे पूर्ण उघडून बघा. पन्हळीखालून पकडणारा पायाचा आकडा, म्हणजे हूक, दरवाजाच्या वरच्या कडेला घासला, तर पहिल्याच आठवड्यात रंग जातो. पुठ्ठ्याचा आकडा कापून, पन्हळीखाली धरून, दरवाजा उघडझाप करून बघा. हे दोन मिनिटांचं काम मी पहिल्या वेळी केलं नव्हतं आणि उजवीकडचा मागचा दरवाजा पाऊणच उघडायचा. सासूबाई तिथूनच बसायच्या.

चौकट: काप आणि जोड

माझा साचा १४० सेमी लांब आणि ११० सेमी रुंद आहे. खाली तीन आडवे पाइप, ते पन्हळीपासून पन्हळीपर्यंत जातात आणि पाय त्यांच्या टोकांना. त्यांच्यावर २५ मिमीची चौकट बसते. चौकटीच्या आत २० मिमीच्या सहा उभ्या दांड्या, गाडीच्या लांबीच्या दिशेनं. वर १२ सेमी उंचीचा कठडा.

दांड्या उभ्याच का, तर आडव्या दांड्यांवरून वारा जातो तेव्हा प्रत्येक दांडी शिट्टी होते. माझ्या पहिल्या कॅरियरची सगळी वाजंत्री त्यातलीच. शिवाय उभ्या दांड्यांवर तंबूची पिशवी पुढून सरकवता येते.

कापताना वाया कमी जावं म्हणून असं करा. २५ मिमीच्या पहिल्या पाइपातून १४० चे दोन आणि ११० चे दोन, दुसऱ्यातून आडवे तीन, प्रत्येकी १३० च्या आसपास, तुमच्या पन्हळीच्या मापानं. २० मिमीच्या पहिल्या पाइपातून १३५ च्या चार दांड्या आणि १२ चे चार खुंट. दुसऱ्यातून १३५ च्या उरलेल्या दोन, कठड्याचे १४० चे दोन आणि आणखी तीन खुंट. तिसऱ्यातून कठड्याचे ११० चे दोन आणि शेवटचे तीन खुंट. प्रत्येक कापाला चकतीची ३ मिमी जाडी खाते, ती धरा. चौकटीचे कोपरे ४५ अंशांत कापलेले चांगले, पाइपाची तोंडं आपोआप बंद होतात.

आता वेल्डिंग. १८ गेजचा पाइप साध्या रॉडनं जोडताना भोक पडतं, हा त्यातला मुख्य त्रास. शक्यतो सीओटू वेल्डिंगवाला शोधा, म्हणजे रॉडऐवजी तार आणि गॅस वापरणारा. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला असे वर्कशॉप सापडतात. रॉडनंच करायचं असेल तर २.५ मिमीचा रॉड, करंट कमी, आणि एका जागी थांबायचं नाही, थोडा थोडा टाका मारत जायचं.

चौकट सपाट फरशीवर ठेवा. चारही कोपऱ्यांना आधी फक्त एकेक टाका. मग गुण्या लावून बघा आणि दोन्ही कर्ण मोजा. १४० × ११० च्या चौकटीचा कर्ण १७८ सेमी यायला हवा. दोन कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर हलक्या हातोडीनं ढकलून सारखे करा. टाके आहेत तोवर हे जमतं, पूर्ण वेल्ड झाल्यावर नाही. पूर्ण वेल्ड करताना एका कोपऱ्यानंतर कर्णात समोरचा कोपरा घ्यायचा. शेजारचा घेतला तर उष्णतेनं चौकट पापडासारखी वळते. मिस्त्री कंटाळतो, चौकट सारखी फिरवावी लागते. त्याला चहा सांगा.

चौकट आणि दांड्या यांच्या खालच्या कडा एका पातळीत आल्या पाहिजेत, म्हणजे प्रत्येक दांडी तिन्ही आडव्या पाइपांना जोडता येते. या अठरा जोडांमुळेच पातळ पाइप पुरतो. कठड्याचे खुंट चार कोपऱ्यांना, लांब बाजूंना दोन-दोन आणि आखूड बाजूंना एक-एक. जिथे पट्टा अडकवायचा तिथे ८ मिमीच्या सळईच्या कड्या आत्ताच जोडून घ्या, किमान आठ. पट्टे कठड्याला बांधायचे नसतात. कठडा सामान सरकू नये म्हणून असतो.

एक ताकीद. यातलं कोणतंही वेल्डिंग गाडीवर ठेवून करू देऊ नका. "इथंच टाका मारतो ना भाऊ, माप बरोबर येईल," असं मिस्त्री म्हणेलच. ठिणग्या काचेत कायमचे खड्डे पाडतात आणि वेल्डिंगचा करंट गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागातून गेला तर इंजिनच्या कंट्रोल युनिटचा खर्च कॅरियरच्या कितीतरी पट होतो. खूण गाडीवर करा, वेल्ड जमिनीवर.

पाय

सगळं कॅरियर सहा पायांवर उभं असतं आणि कॅरियर उडून जातं तेव्हा बहुतेक वेळा पायच सुटलेले असतात. म्हणून इथे घाई करू नका.

४० × ५ च्या पट्टीचा पाय करायचा. वरचं टोक आडव्या पाइपाच्या टोकाला पूर्ण वेल्ड. खालचं टोक एल आकारात वाकवून पन्हळीच्या खोबणीत बसवायचं. वाकवताना गॅसनं तापवा, थंड वाकवलेल्या पट्टीला बाहेरच्या कडेला बारीक चीर जाऊ शकते. ती रंगाखाली दिसत नाही. मग दुसरा वेगळा तुकडा घ्या, त्याला खाली आकडा करा. हा आकडा बाहेरून पन्हळीच्या ओठाखाली जातो. दोन्ही तुकड्यांतून ८ मिमीचा बोल्ट आरपार. बोल्ट आवळला की आकडा वर आणि आत ओढला जातो आणि पन्हळीचा ओठ दोन पट्ट्यांच्या मध्ये चिमटीत सापडतो. आकड्यातलं भोक गोल न ठेवता उभं लांबट करा, म्हणजे दोन-चार मिमी वरखाली करता येतं. हे भोक कानशीनं घासून करायला अर्धा तास लागतो. तेवढा द्या.

लोखंड आणि पन्हळ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना रबर हवं. पहिल्या कॅरियरला मी पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणले होते, फुकट मिळाले म्हणून खुशीत. नागपूरचा मे महिना पाहिलाय ना? २०१३ च्या मेमध्ये इथे पारा ४७.९ पर्यंत गेला होता, आणि उन्हातल्या गाडीचा टप त्याहून कितीतरी जास्त तापतो. ट्यूब चिकट झाली, पन्हळीत काळे डाग बसले, रबर पिचकलं आणि बोल्ट आपोआप ढिले. दरवाजाच्या बीडिंगसाठी वापरतात तसं उन्हाला टिकणारं ३ मिमीचं रबर घ्या.

बोल्ट १३ च्या पान्यानं, नुसत्या मनगटाच्या जोरानं आवळा. पान्याला पाइप लावून जोर काढला तर पन्हळीचा ओठ दबतो आणि एकदा दबला की पकड कायमची गेली. हे सगळं वर्कशॉपमध्ये नीट जमेल असं वाटत नसेल तर पन्हळीवर बसणारे तयार क्लॅम्प अॅक्सेसरीच्या दुकानात मिळतात. ते आणून आडव्या पाइपांना जोडा. त्यात कमीपणा काही नाही.

भोकं, घासकाम, रंग

प्रत्येक पाइपाला खालच्या बाजूनं, टोकाजवळ, ५ मिमीचं एक भोक पाडा. पाइप कितीही बंद केला तरी पाणी कुठूनतरी आत जातंच. बाहेर यायला वाट हवी, नाहीतर आतून गंजतो आणि एक दिवस वेल्डजवळ तुटतो. पावडर कोटिंग करणार असाल तर ही भोकं अनिवार्य, कारण भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर आतली हवा फुगते.

ब्रशनं रंग देणार असाल तर नव्या पाइपावरचं तेल आधी थिनरच्या फडक्यानं पुसा. हे न करता रंग दिला की पोपडे येतात आणि दोष रंगाच्या डब्यावर जातो. वेल्डवरची मळी ठोकून काढा, ग्राइंडर फिरवा, पण वेल्ड पार सपाट करू नका, ताकद त्यातच आहे. मग पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा एक हात, वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन.

सगळे काळा रंग देतात. दिसतो छान, मान्य. पण एप्रिलमध्ये दुपारी काळ्या पाइपाला हात लावून बघा. मी करडा दिला. पट्टे कमी तापतात आणि सामान उतरवताना हातमोजे लागत नाहीत.

पाइप, पट्टी, बोल्ट, वेल्डिंग, रंग धरून मला साडेपाच हजारांच्या आसपास खर्च आला. त्यात चहाही आला.

बसवणं आणि परीक्षा

दोघांनी उचला. एकट्यानं चढवायला गेलात तर टपावर ओरखडा ठरलेला. आधी सगळे बोल्ट सैल ठेवा, कॅरियर मधोमध आणा, मग मधली जोडी, पुढची, मागची या क्रमानं थोडं थोडं आवळत जा. झालं की कठडा धरून जोरात हलवा. गाडी स्प्रिंगवर डोलली पाहिजे, कॅरियर जागचं हलायला नको.

आता मार्कर घ्या आणि प्रत्येक पायावरून पन्हळीवर उतरणारी एक बारीक रेघ मारा. पाय केसभर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. यापेक्षा स्वस्त यंत्र मला माहीत नाही.

रिकामं कॅरियर घेऊन रिंग रोडला एक चक्कर मारा. शिट्टी आली तर पुढच्या आडव्या पाइपाला नायलॉनची दोरी नागमोडी, दोन वेढ्यांत हातभर अंतर ठेवून गुंडाळा. वाऱ्याची लय मोडते आणि आवाज जातो. मग वजनाची परीक्षा. तांदळाचे २५ किलोचे दोन कट्टे ताडपत्रीत गुंडाळून पट्ट्यांनी बांधा आणि मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ४० च्या वेगावर दोन-तीनदा करकचून ब्रेक मारा. जोराच्या ब्रेकला ५० किलोचं सामान साधारण ४० किलोच्या जोरानं पुढे ढकललं जातं. उतरून रेघा बघा. सहाही शाबूत असतील तर तांदूळ घरी न्या.

बांधणं आणि वेग

वर हलकं आणि मोठं ठेवायचं: तंबू, गाद्या, झोपायच्या पिशव्या, खुर्च्या. पाण्याची २० लिटरची कॅन वर नको, ती एकटीच २० किलोची असते आणि पाणी आत हेलकावतं. गॅसचा छोटा सिलिंडर आणि इंधनाचा डबा तर उन्हात टपावर ठेवायचाच नाही. त्यातल्या त्यात जड वस्तू मधल्या आडव्या पाइपावर, मागच्या टोकाला नाही.

रॅचेटचे, म्हणजे खटका मागेपुढे करून आवळायचे, पट्टे वापरा. हूकवाल्या रबरी दोऱ्या ताडपत्रीची टोकं धरायला ठीक, वजन त्यांच्या भरवशावर नको. सुटलेला हूक डोळ्याच्या उंचीवर येतो. सपाट पट्टा वाऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणतो, त्याला मध्ये एक-दोन पीळ द्या, गप्प बसतो. ताडपत्रीची घडी पुढून मागे अशी घाला. उलटी घातली तर वारा तिच्यात शिरून फुगा करतो. माझी एक गादी अशीच मनसरच्या पुढे उडाली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून सांगितलं. परत जाऊन पाहिलं तर ती रस्त्याच्या कडेला पडली होती आणि तिच्यावर एक कुत्रं झोपलं होतं.

वेगाचा हिशेब बघा. सामानाचा समोरचा भाग ११० सेमी रुंद आणि ३५ सेमी उंच धरला तर ६० च्या वेगाला वारा त्यावर साधारण साडेसहा किलोचा जोर लावतो, १०० ला १८ किलोचा, १२० ला २६ किलोचा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलं की रस्ता १२० ला बोलावतो. कॅरियर भरलेलं असताना मी ८० वर डाव्या लेनमध्ये राहतो. वळणावर आणि बाजूच्या वाऱ्यात गाडी नेहमीपेक्षा जास्त झुकते, ओव्हरटेकनंतर लगेच आत घ्यायला जाऊ नका.

उंची लक्षात ठेवायची गोष्ट. बोलेरो १८८ सेमी, वर कॅरियर २४, म्हणजे २१२. भरल्यावर अडीच मीटरच्या जवळ. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगचा दांडा आणि आपल्याच बिल्डिंगचं गेट, दोन्ही याच उंचीला घात करतात. मी डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर '२५०' लिहून ठेवलंय.

पहिल्या प्रवासात पेंचकडे निघालो तेव्हा कन्हान ओलांडल्यावर थांबून सगळे बोल्ट तपासले. दोन बोल्ट पाव फेरा फिरले, नवं रबर दबतं तेवढं. मनसरला चहासाठी थांबलो तेव्हा पुन्हा पाना लावला, एकही हलला नाही. त्यानंतर दर मुक्कामाला निघताना एकदा बघतो. देवलापारच्या पुढे जंगलातून जाणाऱ्या पट्ट्यात थांबून तपासत बसायचं नसतं, जनावरं येतात. जे काय करायचं ते अलीकडेच उरका.

उतरवणं

पुढचा प्रवास जवळ नसेल तर परत आलं की आठवडाभरात कॅरियर उतरवा. रिकामं कॅरियरही वारा अडवतं आणि डिझेल खातं. पन्हळीतली माती ओल्या फडक्यानं पुसा, रबराखाली ओल राहिली की तिथूनच गंज सुरू होतो. कॅरियर उलटं करून प्रत्येक वेल्डवरून नखं फिरवा. रंगाला केसासारखी चीर दिसली तर तिथला रंग खरवडून खाली वेल्ड तडकलाय का बघा. तडकला असेल तर घासून पुन्हा वेल्ड, नुसता रंग नाही.

बोल्ट, आकडे, रबर एका डब्यात ठेवा, प्रत्येक आकड्यावर कुठल्या पायाचा ते ठोकून खूण करा. तिन्ही जोड्यांची उंची वेगळी आहे, पुढच्या वेळी अदलाबदल झाली तर बसणार नाही.

ठेवायचं कुठे, हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा खरा प्रश्न. आमच्याकडे गॅलरीत एक कोपरा आहे. हिवाळ्यात तिथे ताडपत्री पांघरून कूलर बसलेला असतो आणि कॅरियर गाडीवर. मार्चमध्ये कूलर बाहेर निघतो, ताट्या बदलायला जातात, आणि त्या कोपऱ्यात भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर कॅरियर टांगलं जातं.